रॅमच्या बिलावर नसलेला आकडा

जुन्या संगणकाची रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणारी स्मृती, वाढवताना ग्राहक आणि विक्रेता बहुधा दोनच गोष्टी पाहतात: ती डीडीआर २ आहे की डीडीआर ३, आणि किती जीबीची. पहिल्या बाबतीत चूक लगेच कळते, कारण दोन्ही पट्ट्यांना २४० पिना असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते आणि चुकीची पट्टी स्लॉटमध्ये बसतच नाही. खरी फसगत होते ती खाच जुळल्यानंतर.

रत्नागिरीतील शाळांत, पतसंस्थांत आणि छोट्या कार्यालयांत अजून आढळणाऱ्या इंटेल जी४१ चिपसेटच्या मदरबोर्डाचेच पाहावे. पट्टीवरील प्रत्येक चिपची क्षमता गिगाबिटमध्ये मोजतात आणि आठ गिगाबिटांचा एक गिगाबाइट होतो. जी४१ मधील स्मृती-नियंत्रक, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग, २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप ओळखतो. म्हणून ४ जीबीची पट्टी त्याला चालते ती १६ चिपची, दोन्ही बाजूंनी भरलेली. पुढे तेवढीच क्षमता ४ गिगाबिटच्या ८ चिपमध्ये मावू लागली, आणि एच६१ चिपसेटवर विनातक्रार चालणारी ही नवी पट्टी जी४१ वर बसवली तर संगणक बहुधा सुरूच होत नाही.

कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत निदान आणखी अवघड होते, कारण पट्टीच्या संपर्कपट्ट्यांवर मळ किंवा गंज धरला तरी नेमके हेच लक्षण दिसते. पडदा काळा राहिला की संपर्क पुसून, जुनी पट्टी त्याच स्लॉटमध्ये चालते का हे आधी पाहिले पाहिजे. ती चालली तर स्लॉट निर्दोष ठरतो आणि संशय नव्या पट्टीवर येतो. ३२ बिट विंडोजला साधारणपणे ४ जीबीपलीकडची रॅम वापरता येत नाही, हेही खरेदीपूर्वी तपासायला हवे.

एवढे सारे ज्या चिपवर अवलंबून असते तिचा बिलावर उल्लेखही नसावा, ही पद्धत ग्राहकावर अन्याय करणारी आहे. मुंबई-पुण्याहून कुरिअरने आलेली पट्टी परत पाठवण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात; तेव्हा चिपची संख्या, मदरबोर्डाचे नाव आणि न चालल्यास पट्टी परत घेण्याची हमी विक्रेत्याने बिलावरच लिहून द्यावी आणि ग्राहकाने ती मागून घ्यावी.