चाबकाची शिस्त आणि हिशेबाची शिस्त

शिस्तीचा विषय निघाला की आपल्या सुशिक्षित घरांतून, आणि शिक्षकांच्या बैठकींतून तर विशेषच, ब्रिटिश आरमाराचा दाखला हटकून दिला जातो. त्या आरमाराने समुद्र जिंकला तो चाबकाच्या जोरावर, असे सांगण्यात येते. त्याच ओघात पुढे म्हणतात की, ऑस्ट्रेलियाला कैदी नेणाऱ्या जहाजांवर बेडी आणि फटके नसते, तर मूठभर खलाशांच्या गळ्याला शेकडो दांडग्यांनी नख लावले असते आणि एकही जहाज सिडनीस पोचले नसते. हे मत ऐकावयास सयुक्तिक वाटते. परंतु त्या जहाजांचा इतिहास उघडून पाहणाऱ्यास ते साफ खोटे आहे असेच म्हणावे लागेल.

१७९० च्या जून महिन्यात ‘नेपच्यून’, ‘सरप्राइझ’ व ‘स्कारबरो’ ही तीन जहाजे सिडनीच्या बंदरात शिरली. कंत्राट होते कॅम्डेन, कॅल्व्हर्ट आणि किंग या पेढीकडे, आणि ही पेढी गुलामांच्या व्यापारात मुरलेली होती. सरकारने दर डोई १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स ठरविले ते जहाजावर चढलेल्या कैद्यामागे. उतरलेल्या कैद्यामागे नव्हे. म्हणजे वाटेत जो मेला त्याचे भाडे पदरात पडलेलेच, आणि त्याचा शिधा शिल्लक! बेड्यांत मात्र काडीची कसूर नव्हती. सुमारे एक हजार कैद्यांपैकी अडीचशेहून अधिक वाटेतच मेले. उरलेल्यांतील शेकडो लोकांना आधार देऊन किनाऱ्यावर आणावे लागले. चाबकाच्या भक्तांनी ही सफर डोळ्यांपुढे ठेवावी. तिच्यावर बंदोबस्त कडक होता. मग शिस्त कोणाची मोडली होती? कैद्यांची की कंत्राटदारांची?

‘बंडाची भीती होती, म्हणून कडकपणा आला,’ असे उत्तर यावर मिळते. भीती होती हे खरे, बंडेही झाली. ‘हर्क्युलिस’ या जहाजावरील आयरिश कैदी १८०१ च्या डिसेंबरात उठले, तेव्हा १४ जण प्राणास मुकले. त्यांपैकी एकास तर उठाव शमल्यावर कप्तान बेट्स याने स्वतः गोळी घातली. सिडनीच्या न्यायालयाने त्याला मनुष्यवधाचा दोषी ठरवून ५०० पौंड दंड केला. पण बंडाच्या या १४ बळींपेक्षा कितीतरी अधिक कैदी त्याच जहाजावर रोगाने मेले, त्यांचा जाब कोणी कोणास विचारावा? त्याच वर्षी ‘अ‍ॅटलस’ जहाजाच्या कप्तानाने विक्रीसाठी दारू आणि इतर माल भरून माणसांची जागा अडविली, आणि तेथेही मृत्यूचे थैमान झाले.

इंग्लंड व आयर्लंडहून निघालेले जे एकच कैदी-जहाज बंडखोरांच्या हाती पडले, त्याची कथा तर या वादात निर्णायक ठरावी. ते जहाज ‘लेडी शोअर’. १७९७ साली त्यावर साठाहून अधिक स्त्री-कैदी होत्या. बंड केले कोणी? त्या अबलांनी नव्हे, पहाऱ्यावरील शिपायांनी! त्या पलटणीत फ्रेंच युद्धकैद्यांसारखे, मनाविरुद्ध शिपाई झालेले लोक भरले होते. त्यांनी कप्तानाला ठार केले आणि जहाज माँटेव्हिडिओला नेले. कुंपणानेच शेत खाल्ले ते असे. बंदूक ज्याच्या हाती द्यावयाची, त्याला आपण कसे वागविले, हा प्रश्न चाबकाने सुटत नाही.

खुद्द आरमाराची साक्षही हीच आहे. त्याच १७९७ साली स्पिटहेड व नोअर येथील खलाशांनी काम बंद पाडले. शतकाहून अधिक काळ त्यांचा पगार वाढला नव्हता. सोळा औंसांच्या पौंडातून त्यांच्या ताटात चौदाच औंस पडत. चाबूक तर रोज चालत होता! नोअरच्या बंडात खलाशांना एकजुटीचा सल्ला दिला, म्हणून विल्यम रेडफर्न या तरुण शल्यवैद्यास देहान्ताची शिक्षा झाली. वयाकडे पाहून ती हद्दपारीवर आली. हा बंडखोर कैदी-जहाजातूनच सिडनीस पोचला, तेथे त्याला माफी मिळाली आणि तो नावाजलेला वैद्य झाला.

१८१४ साली ‘जनरल ह्युइट’, ‘थ्री बीज’ व ‘सरी’ ही जहाजे रोगाने पोखरून आली. ‘जनरल ह्युइट’वरील सुमारे तीनशे कैद्यांपैकी ३४ दगावले होते, ‘सरी’वरील ज्वराने तर कप्तानालाही सोडले नाही. गव्हर्नर मॅक्वारी याने चौकशी सोपविली ती रेडफर्नकडे. त्याने काय मागितले? अधिक जाड साखळदंड? छे! मोकळी हवा, स्वच्छता, पुरेसे कपडे, पूर्ण शिधा, आणि कप्तानाच्या मर्जीवर अवलंबून नसलेला, अधिकार असलेला आरमारी शल्यवैद्य. १८१५ पासून असे वैद्य प्रत्येक जहाजावर नेमले जाऊ लागले, आणि पुढे मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले.

आक्षेपक म्हणेल की, वैद्यांच्या काळातही फटके चाललेच. मान्य. पहिल्या ताफ्याचा प्रमुख आर्थर फिलिप यानेही १७८७ साली बंडाच्या कटावरून दोघा कैद्यांना फटके देवविले. पण टेनेरीफ, रिओ आणि केप येथे थांबून त्याने कैद्यांना ताजे अन्न पुरविले, आणि त्याची माणसे जगली. चाबूक दोन्हीकडे होताच. मग जगण्यामरण्यात जो फरक पडला त्याचे श्रेय चाबकाला कसे द्यावे? दुष्ट कप्तान आणि भला कप्तान यांच्या हातांत हत्यार एकच होते. बदलला तो वरच्यांचा हिशेब, आणि तो तपासणारा कोणी माणूस जहाजावर असणे.

म्हणून शाळेत, कारखान्यात वा तुरुंगात कडक शिस्त हवी, असे म्हणणाऱ्यास आम्ही प्रथम एवढेच विचारू: तुमच्या ताब्यातील माणूस वाटेत बुडाला, तर त्याचा तोटा तुमच्या खात्यावर पडतो काय? पडत नसेल, तर चाबकाआधी ते खाते सुधारा. खालच्यांच्या शिस्तीचा आरंभ वरच्यांच्या जाबदारीपासून होतो. ‘नेपच्यून’वर बेड्या मुबलक होत्या, ही जाबदारी तेवढी नव्हती.