लोकक्षोभ : शक्ती की आपत्ती?

लोकक्षोभाविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. सुखवस्तू माणसाला रस्त्यावरचा प्रत्येक मोर्चा ही अराजकाची नांदी वाटते. काही उत्साही मित्रांना भिरकावलेला प्रत्येक दगड क्रांतीचा पायाचा दगड वाटतो. ही दोन्ही मते पारखून घ्यायची, तर 2018 सालच्या उत्तर महाराष्ट्राकडे पाहावे.

त्या वर्षी 6 मार्चला नाशिकहून हजारो शेतकरी मुंबईकडे पायी निघाले. त्यांत बहुसंख्य आदिवासी होते. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन चार हेक्टरांच्या मर्यादेत कसणाऱ्याला देण्याचे वचन 2006 च्या वनहक्क कायद्याने दिले आहे. कायदा होऊन अकरा वर्षे उलटली, तरी कित्येकांचे दावे फेटाळलेले आणि कित्येकांच्या पदरात कसत्या जमिनीचा केवळ एक तुकडा पडलेला. सुमारे 180 किलोमीटर चालून, तळपाय सोलवटलेल्या अवस्थेत ही माणसे मुंबईत पोहोचली. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. मुलांची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी विश्रांती सोडली आणि रात्रीच चालत आझाद मैदान गाठले. सरकारला लेखी आश्वासन द्यावे लागले.

त्यानंतर चार महिनेही झाले नव्हते. 1 जुलैला धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरलेली. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मारणारे गरीब, मरणारे त्यांच्याहून गरीब!

दारिद्र्य दोन्हीकडे होते, उपेक्षा दोन्हीकडे होती, संतापही दोन्हीकडे होता. मग फरक कशाचा? पहिल्या संतापामागे वर्षानुवर्षांच्या गावबैठका होत्या, मागण्यांची यादी होती आणि जाब कोणाला विचारायचा याचे भान होते. दुसऱ्या संतापाला केवळ भय ठाऊक होते. म्हणून हाताशी सापडेल तो दुबळा माणूसच त्याला शत्रू वाटला. 1972 साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली, तेव्हा लाटणे हाती घेतलेल्या स्त्रिया शेजारणीवर धावून गेल्या नाहीत. साठेबाज कोण आणि त्याला पाठीशी घालणारे कोण, हे त्यांना कळत होते.

संताप वाढतो आहे, कारण गाऱ्हाणे ऐकणारी दारे एकेक करून बंद होत आहेत. तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत हेलपाटे घालून थकलेल्या माणसाला मोबाईलवरची अफवा निदान एक शत्रू तरी तत्काळ दाखवते. हा शत्रू जातीचा, धर्माचा, परक्या वेशाचा असला की सत्ताधाऱ्यांचेही फावते. खरा जाब कोणी विचारीत नाही.

शांततेचा उपदेश करणाऱ्यांना येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. परीक्षार्थी मुलांसाठी रात्रभर चाललेल्या त्या माणसांना फेब्रुवारी 2019 मध्ये आणि पुन्हा मार्च 2023 मध्ये रस्त्यावर का यावे लागले? शिस्तीने मागणाऱ्याला कागद द्यायचा आणि तो कागद विसरून जायचा, हा जर राज्यकारभार असेल, तर सनदशीर मार्ग निष्फळ आहे, हा धडा सरकारच लोकांना देत असते. अशा सरकारला हिंसेचा निषेध करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

परंतु केवळ सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. राईनपाड्याच्या त्या बाजारात जमावापुढे उभे राहून ‘थांबा’ म्हणणारा आणि ज्याचे लोकांनी ऐकले असते, असा एखादा कार्यकर्ता आपण तेथे घडविला होता काय? संताप निर्माण करण्यासाठी पक्षाची गरज नसते; तो अन्यायातून आपोआप जन्मतो. त्याला विचार, संघटना आणि दिशा देण्यासाठी मात्र माणसे लागतात. ती जेथे पोहोचत नाहीत, तेथे अफवा आधी पोहोचते.