रेंजर भंगारात देऊ नका, पण डिस्कही लावू नका!

खरं सांगा, तुमच्या घरी जिन्याखाली एक सायकल पडलेली आहे की नाही? नव्वदच्या दशकातली हिरोची रेंजर, नाहीतर तिच्यासारखीच कुठलीतरी 'एमटीबी'. जाड टायर, सरळ हँडल, स्टीलची वजनदार फ्रेम. काकांनी किंवा मोठ्या दादाने दामटली, मग घरात स्कूटी आली आणि ही विसरली गेली. दर दिवाळीला आई म्हणते, "ते भंगार काढा आधी!"

आता आपल्या पोरांना सुचलंय की हिलाच नवीन पार्ट्स लावायचे. आयडिया मस्त आहे, माझा फुल सपोर्ट! पण लोक जे काही लावून आणतात ते बघून डोक्याला हात लावावासा वाटतो. एकवीस गिअर, पुढे शॉकअप, मागे वेल्डिंगने डकवलेली डिस्कची पट्टी... जणू सायकल नाही, लग्नाची घोडी!

काही जणांचं म्हणणं, जुन्या वस्तूला हातच लावू नये, ओरिजिनल ते ओरिजिनल. मला हे पटत नाही. माउंटन बाइक मुळात जन्मली कशी? १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीतली पोरं १९३०-४० च्या काळातल्या श्विनच्या स्टील सायकली घेऊन डोंगर उतरायची. त्यांना त्यांनी ड्रम ब्रेक लावले, मोटरसायकलचे लिव्हर लावले, गिअर लावले. जो ब्रीझने खास डोंगरासाठी फ्रेम बनवली ती १९७७ मध्ये. म्हणजे आधी जोडाजोडी, मग माउंटन बाइक. तेव्हा प्रश्न लावायचं की नाही हा नाहीच. आधी काय लावायचं, हा आहे.

माझं उत्तर: रिम. गिअर नाही, रिम! जुन्या सायकलींची रिम क्रोम केलेल्या स्टीलची असते. कोरडी असताना ठीक. पण जूनमध्ये पहिला पाऊस पडतो, तुम्ही सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरता, ब्रेक दाबता आणि रबर नुसतं घसरत राहतं. अॅल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही पकड बरीच चांगली मिळते. शिवाय चाक हलकं होतं. घ्यायच्या आधी टायरवरचा बारीक आकडा वाचा. '२६ इंच' या नावाखाली एकापेक्षा जास्त मापं विकली जातात. एमटीबीचं माप ५५९ मिमी, २६ × १ ३/८ चं ५९०. दुकानदार "बसते ना भाऊ" म्हणेल, पण ते बसत नाही. स्पोकची भोकंही मोजा, हबला जितकी तितकीच रिमला हवीत. रिमसोबत ब्रेक बदलत असाल तर व्ही-ब्रेकला व्ही-ब्रेकचाच लिव्हर घ्या, तो केबल जास्त ओढतो. आणि व्ही-ब्रेक बसवायला फ्रेमवर खुंट्या लागतात. त्या नसतील तर चांगला कॅलिपर ब्रेक बसवा.

मग गिअर. आजच्या एमटीबीच्या मागच्या हबला साधारण १३५ मिमी जागा लागते, जुन्या सिंगल स्पीड फ्रेममध्ये ती बरीच कमी असते. इथे स्टील आपल्या कामी येतं. यील्ड पॉइंटच्या थोडं पुढे नेलं की ते वाकून तसंच राहतं, तुटत नाही. (एसओएमचा तो ग्राफ आठवला का? पेपरनंतर पहिल्यांदाच उपयोग!) चांगला मिस्त्री काही मिलिमीटर सहज फाकवतो, फक्त नंतर दोन्ही टोकं समांतर करून घ्यावी लागतात. अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग करू नका. आणि फरक फारच मोठा असेल तर ओढाताण सोडा, तीन गिअरचा हब बघा.

बीबीची गंमत वेगळीच. कॉटर पिन हातोडीने ठोकून काढा, आत बघा. १.३७ इंच, इंचाला २४ आटे, आणि उजव्या बाजूचे आटे उलटे. या मापाला जगभर बीएसए म्हणतात, बर्मिंगहॅमच्या त्या बंदुका बनवणाऱ्या कंपनीवरून. तेच माप आजही चालतं. तुमची फ्रेम या मापाची निघाली (थ्रेड गेजने तपासा, अंदाजाने नको) तर आजचा सीलबंद बीबी सरळ आत जातो. नवीनमधलं नवीन जुन्यात इतकं बिनतक्रार बसताना मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

डिस्क मात्र नाही म्हणजे नाही. रिम ब्रेकचा जोर चिमट्याच्या दोन्ही पायांवर वाटला जातो, डिस्कचा सगळा जोर डाव्या पायाच्या खालच्या टोकावर येतो. तो चिमटा त्यासाठी डिझाइनच झालेला नाही. वर पातळ नळीला चौकातल्या वेल्डिंगची उष्णता! शॉकअपचंही तेच. उंच चिमट्याने सायकलचं नाक वर जातं, हँडलचा कोन बदलतो आणि वळताना सायकल आळशी होते.

हे सगळं आपल्याला वर्कशॉपमध्ये का करायला मिळत नाही? फर्स्ट इयरला लोखंडाचा तुकडा कानशीने घासून चौकोनी करतो, सबमिट करतो, तो भंगारात जातो. फायनल इयरला रेडिमेड प्रोजेक्ट विकत घेणारे आहेतच. त्याऐवजी चौघांना मिळून एक जुनी सायकल द्या. कॅलिपर, थ्रेड गेज, लेथ सगळं तिथे धूळ खात आहेच. व्हायवा उतारावर घ्या, पावसात. ब्रेक लागला तर पास.