हरकतीपुरता नागरिक

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या आणि ताबेगहाणाच्या जाहिरातींच्या शेजारी, बारीक टाइपात छापलेली एक जाहीर सूचना अधूनमधून दृष्टीस पडते. शहराचा प्रारूप विकास आराखडा तयार झाला असून तो कार्यालयीन वेळेत पाहावयास ठेवला आहे, ज्या कोणास हरकती अथवा सूचना करावयाच्या असतील त्यांनी त्या विहित मुदतीत लेखी कराव्यात, अशा आशयाचा तो मजकूर असतो. बहुतेक वाचक तो न वाचताच पान उलटतात. आपल्या मुलांना मैदान मिळणार की नाही, घरासमोरचा रस्ता किती रुंद होणार, जवळची टेकडी मोकळी राहणार की तिच्यावर इमारती चढणार, दवाखाना पायी जाण्याच्या अंतरावर असणार की दोन बस बदलून गाठावा लागणार, या सर्व प्रश्नांची पुढील वीस वर्षांची उत्तरे त्या चार ओळींच्या मागे दडलेली असतात, याची त्यांना कल्पना नसते. ती कल्पना यावी, अशी त्या सूचनेची भाषाही नसते.

महाराष्ट्रातील नगरनियोजनाला कायद्याचे पाठबळ नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. हिंदुस्थानातील पहिला नगररचना कायदा १९१५ साली मुंबई इलाख्यात झाला. १९५४ च्या कायद्याने विकास आराखडा करणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले आणि आज लागू असलेला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. या अधिनियमात जनतेला विचारण्याची तरतूद आहे, आणि ती एकदा नव्हे तर दोनदा आहे. आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करताना कलम २३ अन्वये सूचना मागविल्या जातात आणि प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ अन्वये पुन्हा हरकती व सूचना मागविल्या जातात. कागदावर हे सारे समाधानकारक वाटते. व्यवहारात मात्र पहिल्या वेळी नागरिकापुढे हद्दीच्या नकाशापलीकडे पाहण्यासारखे काही नसते, आणि दुसऱ्या वेळी बदलण्यासारखे थोडेच उरलेले असते. या दोन टप्प्यांच्या मधल्या काळात, म्हणजे प्रत्यक्ष आराखडा आखला जात असताना, नागरिकाला कोणी विचारीत नाही. अखेरीस त्याची आठवण होते ती हरकतदार म्हणून. लोकांना नियोजनात सहभागी करून घेणे आणि झालेल्या नियोजनावर त्यांच्या तक्रारी गोळा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण दुसरीलाच पहिलीचे नाव देऊन बसलो आहोत.

दोन शहरांचा अनुभव

मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचे प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि शहरात एकच खळबळ उडाली. उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले, प्रार्थनास्थळांची नोंद चुकलेली, गावठाणांचे आणि कोळीवाड्यांचे अस्तित्व नीट दाखविलेले नाही, आरेची हिरवी जमीन बांधकामासाठी खुली केलेली, अशा चुकांचा आणि वादग्रस्त प्रस्तावांचा पाऊस पडला. हरकतींची संख्या हजारांच्या घरात गेली. अखेर दोनच महिन्यांत, एप्रिलमध्ये, मुख्यमंत्र्यांनी ते प्रारूप बाजूला सारून दुरुस्तीचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि आराखडा मंजूर झाला तो २०१८ मध्ये. विशेष असे की, या प्रारूपापूर्वी तयार झालेला विद्यमान भूवापराचा नकाशा महापालिकेने लोकांपुढे ठेवला होता आणि त्यातील चुका नागरी संस्थांनी दाखवूनही दिल्या होत्या. विचारण्याचे काम झाले होते. ऐकल्याचा जबाब देण्याचे बंधन मात्र कोणावरही नव्हते.

पुण्याची कथा याहून बोलकी आहे. जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ या काळासाठीचा आराखडा प्रारूप म्हणून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर सुमारे ८७ हजार हरकती व सूचना आल्या. त्या ऐकण्यासाठी कायद्याप्रमाणे नियोजन समिती नेमण्यात आली. स्थायी समितीचे तीन सभासद आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ, अशी या समितीची रचना असते. येथे थोडे गणित मांडून पाहावे. प्रत्येक हरकतदाराला अवघी पाच मिनिटे द्यावयाची म्हटली तरी ८७ हजार हरकतींना ७,२५० तास लागतात. दिवसाला सहा तास सुनावणी धरली तर ते बाराशेहून अधिक दिवस होतात. सुट्या वगळल्या तर चार वर्षे. अर्थात तितका वेळ कोणापाशीही नसतो. एकसारख्या हरकतींचे गठ्ठे बांधले जातात, सुनावणी उरकली जाते आणि रांगेत उभा राहिलेला माणूस आपले म्हणणे ऐकले गेले की केवळ नोंदले गेले, हे न कळताच घरी परततो. पुण्यात तर समितीच्या सभासदांतच एकमत होऊ शकले नाही; लोकप्रतिनिधींच्या आणि तज्ज्ञांच्या शिफारशी वेगवेगळ्या झाल्या. मार्च २०१५ मध्ये शासनाने आराखडा आपल्या हाती घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी दिली. वीस वर्षांच्या आराखड्याची दहा वर्षे तोपर्यंत सरली होती.

तेव्हा लोकांना आधी विचारीत बसलो तर विलंब होईल, हा प्रशासनाचा नेहमीचा युक्तिवाद कितपत टिकतो हे वाचकांनीच ठरवावे. विलंब होतोच आहे. लोकांना न विचारता आखल्यामुळे जो विलंब होतो त्यात वेळही जातो आणि विश्वासही जातो. पुणे महानगर प्रदेशाचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रारूप हजारो हरकती आणि त्यांच्या सुनावण्या होऊनही २०२५ मध्ये शासनाला मागे घ्यावे लागले, हे याचे ताजे उदाहरण होय.

मैदानाची बाजू कोण मांडणार?

या पद्धतीत विलंबाहून मोठा दोष आहे. हरकत घेण्यास प्रवृत्त होतो तो प्रामुख्याने ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडले तो मालक. त्याची हरकत अन्यायाची असते असे मुळीच नाही. मैदानाच्या, शाळेच्या किंवा बाजाराच्या नावाने जमीन अडकवून ठेवावयाची आणि वर्षानुवर्षे मोबदला द्यावयाचा नाही, हा प्रकार आपल्याकडे इतका रूढ आहे की कलम १२७ ची तरतूद त्यासाठीच करावी लागली. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि नंतरच्या चोवीस महिन्यांत कार्यवाही झाली नाही तर आरक्षण आपोआप संपुष्टात येते. मालकाला वकील मिळतो, त्याच्यापाशी सातबाऱ्याचा उतारा असतो, सुनावणीचा दिवस तो विसरत नाही.

परंतु त्या मैदानावर जी मुले खेळावयाची आहेत त्यांच्या वतीने कोण उभे राहते? जे रुग्णालय अद्याप बांधलेले नाही त्याचा रुग्ण हरकत नोंदवावयास येत नाही. फेरीवाला, घरकाम करणारी बाई, भाड्याच्या खोलीत राहणारा कारकून यांच्या नावावर कोणताही भूमापन क्रमांक नसतो आणि म्हणून नकाशात आपले काही गमावले आहे याचा त्यांना पत्ताही लागत नाही. आराखड्यातून मैदान वगळले जाते तेव्हा एका मालकाचा लाभ होतो आणि हजारो लोकांचे थोडे थोडे नुकसान होते. लाभ झालेला मालक जागरूक असतो. ज्यांचे नुकसान झाले ते विखुरलेले असतात. केवळ हरकतींच्या आधारे चालणारी पद्धत यामुळेच, कोणाचाही वाईट हेतू नसला तरी, खासगी हिताकडे कलते. सार्वजनिक हिताला आवाज द्यावयाचा तर आखणी सुरू होण्यापूर्वी, वस्तीवस्तीत जाऊन, येथे काय हवे आहे असे विचारणे हाच मार्ग आहे.

गेडीस यांनी काय केले

हा विचार नवा नाही आणि परका तर मुळीच नाही. स्कॉटलंडमधून १९१४ साली या देशात आलेले आणि पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकविणारे पॅट्रिक गेडीस यांनी शंभर वर्षांपूर्वी हेच सांगितले होते. उपचाराआधी निदान करावे, हा त्यांचा आग्रह होता. शहराच्या गल्ल्यांतून पायी हिंडावे, लोक कसे राहतात ते पाहावे आणि मग शक्य तितकी कमी तोडफोड करणारी सुधारणा सुचवावी, अशी त्यांची रीत होती. होळकरांच्या इंदूरमध्ये काम करताना त्यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढविली. ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ असतील त्यांतून ती जाईल असे आधी जाहीर झाले आणि लोकांनी आपण होऊन गल्ल्या झाडल्या. मिरवणुकीत सफाई कामगारांना मानाचे स्थान होते आणि अस्वच्छतेच्या राक्षसाचे व प्लेगच्या उंदराचे दहन झाले. यातील नाट्य बाजूला ठेवले तरी मर्म उरतेच. लोकांच्या सहकार्यावाचून शहर सुधारत नाही आणि सहकार्य मागावयाचे तर लोकांना समजेल अशा भाषेत बोलले पाहिजे.

अलीकडच्या काळात आपल्या शेजारच्या गोव्याने याची चुणूक दाखविली. २०११ चा प्रादेशिक आराखडा ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि जानेवारी २००७ मध्ये शासनाला तो मागे घ्यावा लागला. त्यानंतर २०२१ च्या आराखड्यासाठी वास्तुविशारद चार्ल्स कुरिया यांच्यासारख्यांचा समावेश असलेले कृतिदल नेमले गेले आणि गावोगावचे नकाशे पंचायतींकडे पाठविण्यात आले. गावकऱ्यांनी आपली शेते, झरे आणि डोंगरउतार त्यांवर तपासून पाहिले. हा आराखडाही वादातून सुटला नाही आणि २०१२ मध्ये स्थगित झाला, हे मान्य केले पाहिजे. पण गावाला स्वतःचा नकाशा वाचता येतो, एवढे त्या प्रयोगाने निर्विवादपणे सिद्ध केले.

आखणी गुप्त ठेवली नाही तर जमिनींची सट्टेबाजी होईल, असा एक आक्षेप घेतला जातो. तो वरकरणी वजनदार आहे. परंतु कोणता रस्ता कोठून जाणार हे सट्टा करणारांना आराखडा प्रसिद्ध होण्यापूर्वीच ठाऊक असते, अशी कुजबुज प्रत्येक शहरात ऐकू येते आणि ती ऐकणारांना तिचे आश्चर्यही वाटत नाही. गुप्ततेने सामान्य माणूस तेवढा अंधारात राहतो. शिवाय कोणत्या वॉर्डात किती शाळा, किती मैदाने, किती दवाखाने कमी आहेत, हे सांगण्यात कसली गुप्तता? नेमका भूखंड नंतर ठरू द्या. गरज आधी ठरवा, आणि ती उघडपणे ठरवा.

तीन साध्या मागण्या

यासाठी फार मोठी कायदेदुरुस्ती होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट, कलम २५ प्रमाणे तयार होणारा विद्यमान भूवापराचा नकाशा प्रत्येक वॉर्डाच्या कार्यालयात, शाळेत आणि वाचनालयात मराठीतून लावावा आणि तो तपासून झाल्याखेरीज आखणीला हात घालू नये. या कामात शाळा-महाविद्यालयांचा उपयोग का होऊ नये? ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात भूगोलतज्ज्ञ डडली स्टॅम्प यांनी देशाच्या भूवापराची पाहणी केली ती प्रामुख्याने शाळांतील शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या बळावर. मुलांनी हातात नकाशे घेऊन शेतन् शेत पाहिले आणि रंग भरले. आपल्याकडील नववी-दहावीचा वर्ग आपल्या वॉर्डाचा नकाशा दोन रविवारांत तपासू शकेल. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडेल?

दुसरी गोष्ट, प्रत्येक हरकतीला सकारण लेखी उत्तर मिळाले पाहिजे. ही मेहेरबानीची मागणी नाही. महत्त्वाचे धोरण ठरविताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी आणि प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत, असे माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ स्पष्टपणे सांगते. आठ-दहा हजार हरकती एकाच स्वरूपाच्या असतील तर त्यांना एकच उत्तर द्यावे, पण ते द्यावे.

तिसरी गोष्ट, सुनावणीनंतर जे बदल होतात त्यांचा तक्ता वॉर्डनिहाय, मूळ प्रस्ताव, बदललेला प्रस्ताव आणि बदलाचे कारण अशा तीन रकान्यांत प्रसिद्ध व्हावा. मैदान कोणत्या टप्प्यावर, कोणाच्या शिफारशीवरून आणि कोणत्या कारणाने नाहीसे झाले, हे ज्याला वाचता येते त्याला कळले पाहिजे. मंजुरीनंतर कलम ३७ खाली होणाऱ्या फेरबदलांनाही हाच नियम लावावा.

यातील कोणतीही मागणी खर्चिक नाही. ज्या शहरात शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी आपल्या वॉर्डाचा नकाशा ओळखतात, त्या शहराच्या आराखड्यात चोरून रेघ ओढणे अवघड होते. तोपर्यंत निदान एवढे करावे. बारीक टाइपातली ती जाहीर सूचना पुढच्या वेळी दिसली की पान उलटू नये. चार शेजाऱ्यांना घेऊन कार्यालयात जावे, नकाशा मागावा आणि त्यावर आपली शाळा कोठे आहे ते शोधावे. ती सापडली नाही, तर हरकत कोणती घ्यावयाची हे वेगळे सांगावे लागणार नाही.