तराजूला शिक्का, रक्ततपासणीला का नाही?

किराणा दुकानाचा तराजू वैधमापन खात्याकडून ठरावीक मुदतीत तपासून घ्यावा लागतो आणि त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसेल तर दुकानदार दंडास पात्र ठरतो. पावकिलो साखरेच्या मापाविषयी शासन एवढे दक्ष असते. परंतु ज्या आकड्यावरून माणसाला आयुष्यभराचे औषध सुरू होते, तो कोलेस्टेरॉलचा, रक्तशर्करेचा वा हिमोग्लोबिनचा आकडा देणाऱ्या प्रयोगशाळेवर महाराष्ट्रात अशी सक्ती नाही. ही विसंगती सुज्ञ समाजाने किती काळ चालू द्यायची?

पैठण तालुक्यातील पाचोड हे धुळे-सोलापूर महामार्गावरील मोठे गाव. तेथील इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने किशोरवयीन मुली आणि तरुण मातांच्या आरोग्यावर दीर्घकाळ काम केले आहे. अशा गावातील रुग्णाचे रक्त कधी तेथेच तपासले जाते, तर कधी सुमारे ५० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरला पाठवावे लागते. या प्रवासातही आकडा बदलू शकतो. फ्लोराइड नसलेल्या नळीत रक्त तसेच ठेवले, तर रक्तपेशी त्यातील साखर वापरत राहतात आणि दर तासाला ती सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. मराठवाड्यातील उन्हाळा त्यात भरच घालतो. अशा दिरंगाईने मधुमेही माणूस कागदावर निरोगी ठरू शकतो आणि निर्धास्त मनाने घरी जातो.

दुसरा प्रश्न यंत्राचा. यंत्र सामान्यतः कोलेस्टेरॉल थेट मोजत नाही. रासायनिक प्रक्रियेतून उमटलेल्या रंगाची तीव्रता ते मोजते आणि ज्ञात मूल्याच्या नमुन्याशी ताडून आकडा सांगते. तो ज्ञात नमुनाच सदोष असेल, तर यंत्र कितीही महागडे असो, उत्तर चुकणारच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील प्रयोगशाळांकडे एकसारखे नमुने पाठवून केलेली पाहणी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा उत्तरांत मोठी तफावत आढळली. त्या देशाने हा दोष झाकून ठेवला नाही. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेली एक पद्धत पुढे कोलेस्टेरॉलसाठी प्रमाण मानली गेली आणि अटलांटा येथील शासकीय केंद्राच्या मापाशी इतर प्रयोगशाळांची मापे जुळवण्याची व्यवस्था उभी राहिली. कोलेस्टेरॉलच्या मापनातील एकूण चूक ८.९ टक्क्यांच्या आत असावी, असे तेथील राष्ट्रीय कार्यक्रमाने ठरवून दिले. म्हणजे खरे मूल्य २०० असेल, तर उत्तर १८२ ते २१८ यांच्या दरम्यान यावे. इतकी शिस्त पाळूनही एवढे अंतर उरते. जेथे शिस्तच नाही, तेथे काय होत असेल?

हा प्रश्न एकट्या रुग्णापुरता नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटातून घेतलेल्या रक्तावरून पाच वर्षांखालील ५८.६ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त ठरली. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतील रक्त प्रयोगशाळेत तपासले गेले. तेव्हा एक ते चार वर्षे वयोगटात हे प्रमाण सुमारे ४१ टक्के निघाले. वयोगटातील थोडा फरक गृहीत धरला तरी हे अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही. मोजण्याची पद्धत बदलताच देशाचे चित्र एवढे पालटत असेल, तर लोहाच्या गोळ्यांपासून पोषण आहारापर्यंतची धोरणे कोणत्या आकड्यावर आखायची?

आपल्याकडे साधने नाहीत असे मुळीच नाही. प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ, एनएबीएल, १९८८ पासून कार्यरत आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची बाह्य गुणवत्ता पडताळणी योजनाही आहे. तिच्यात सहभागी प्रयोगशाळा मूल्य न सांगितलेले नमुने तपासतात आणि त्यांची उत्तरे परस्परांशी ताडून पाहिली जातात. परंतु यात सहभागी व्हायचे की नाही, हे प्रयोगशाळेच्या इच्छेवर आहे. केंद्राने २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापना कायदा केला आणि २०१८ मध्ये त्याखाली निदान प्रयोगशाळांसाठी किमान मानके घोषित केली. आरोग्य हा राज्याचा विषय. महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेला नाही. आपला १९४९ चा कायदा शुश्रूषागृहांच्या नोंदणीपुरता आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अहवालावर पदव्युत्तर पात्रतेच्या वैद्यकाची स्वाक्षरी आवश्यक ठरवली खरी. पण स्वाक्षरीने माप अचूक होत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी नेमलेला आहे आणि मापांची दर चार महिन्यांनी तपासणी सांगितली आहे. ज्या परंपरेने बाजारातील मापाला राज्यकर्तव्याचा दर्जा दिला, तिच्या वारसांनी रोग्याच्या मापाकडे दुर्लक्ष करावे, हे शोभणारे नाही.

राज्य शासनाने प्रयोगशाळांची नोंदणी आणि बाह्य पडताळणी कायद्याने सक्तीची करावी. छोट्या गावांतील प्रामाणिक प्रयोगशाळांना त्याचा खर्च पेलावा यासाठी साहाय्य द्यावे. अन्यथा कायदा पाचोडसारख्या गावातील सोय बंद पाडेल आणि दोष मात्र तसाच राहील. आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांनीही नमुने कोठे जाणार आणि किती वेळात पोहोचणार, हे आधी विचारावे. प्रत्येक कुटुंबाने अहवाल हाती घेताना एक प्रश्न नम्रपणे विचारावा : आपल्या प्रयोगशाळेची पडताळणी कोण करते? हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला, तर शासनालाही उत्तर द्यावेच लागेल.