नक्षीला रकाना नाही

ठाण्या-डोंबिवलीच्या लग्नघरात अजूनही एखादी करवतकाठी साडी नजरेस पडते. विदर्भातला विणकर हातमागावर तीन धोटे चालवतो. काठाचा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकला, की करवतीचे दाते उमटतात. ही भूमिती उभ्या-आडव्या धाग्यांच्या हिशेबातूनच निघते. तीच कॅनव्हासवर आली, की आपण तिला अमूर्त कला म्हणतो.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९४९ साली अ‍ॅनी आल्बर्स यांच्या विणकामाचे प्रदर्शन भरवले. आपले चित्रकार प्रभाकर बरवे १९६१ पासून वीसेक वर्षे विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. जाणत्यांनी माग आणि चित्र यांत भिंत मानली नाही.

भिंत आहे ती हिशेबाच्या वहीत. बँकेत असताना मी हातमागाच्या कर्जप्रकरणांत माग, सूत, तयार माल यांची किंमत मांडत असे. नक्षीला रकानाच नव्हता. पुढे १९९९ च्या कायद्याने भौगोलिक मानांकन आले, करवतकाठीलाही ते मिळाले. त्याने प्रदेशाचे नाव राखले. विणणाऱ्याचे नाव मात्र राहूनच गेले.

चित्राच्या कोपऱ्यात सही असते. साडीच्या पदरावरही ती असावी, आणि किमतीत तिचा वाटा दिसावा.