मोर्चा फाटकापाशीच का थांबतो?

नागपूरचं हिवाळी अधिवेशन म्हटलं की आपल्याला आठवतो तो मोर्चा. घोषणा, ठिय्या, मग पाचजणींचं शिष्टमंडळ आत जाऊन निवेदन देतं आणि आपण परतीची गाडी पकडतो. त्या निवेदनाचं पुढे काय झालं, हे किती गट विचारतात? मोर्चा हवाच. पण सभागृहाचं कामकाज समजून घेतल्याशिवाय तो अर्धाच राहतो, असं माझं ठाम मत आहे.

मागे आम्ही काहीजणी पास काढून मुंबईच्या विधान भवनातल्या प्रेक्षक गॅलरीत बसलो. तिथे बोलायचं नाही, घोषणा द्यायच्या नाहीत. आम्हा मोर्चेकरी बायकांना ते जडच गेलं! पण वरून हिशेब स्वच्छ दिसतो. जागा २८८. २०१९ मध्ये स्त्रिया निवडून आल्या २४, २०२४ मध्ये २१. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आपल्या आणि इथे शंभरात आठही नाहीत. एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, पण तिला जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेची अट घातली गेली.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं का? निवेदन फायलीत जातं. तारांकित प्रश्नाला मात्र मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते सभागृहाच्या नोंदीत राहतं. विधेयक समितीकडे गेलं की एकेक कलम तपासलं जातं. 'शक्ती' विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडलं गेलं, तेव्हा फाशीच्या तरतुदीला अनेक स्त्री संघटनांनी विरोध केला. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, डिसेंबर २०२१ मध्ये मंजूरही झालं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने कायदा मात्र झाला नाही. अशा वेळी कुठल्या टप्प्यावर कुणाला गाठायचं, हे आपल्याला ठाऊक हवं.

म्हणून मैत्रिणींनो, एक सुचवते. प्रश्न अधिवेशनाच्या बरेच आधी द्यावे लागतात. तेव्हा प्रत्येक गटाने वेळेत आपल्या आमदाराला, मग तो पुरुष असो की स्त्री, एकच प्रश्न लिहून द्यावा: कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याखाली आपल्या जिल्ह्यात संरक्षण अधिकारी किती, त्यांतल्या किती जणांकडे दुसऱ्या कामाचाही भार आहे? आमदाराने विचारला तर उत्तर गावात वाचून दाखवू. नाही विचारला, तर तेही मतदारांना सांगू.